निळं टोपण की पांढरं

बाबांना मागच्या वर्षी नेमकी कुठली लस टोचली होती, या एका प्रश्नापायी लेकीची झोप उडाली होती.

बाबा उंच इमारती बाहेरून रंगवणारे. बाराव्या मजल्यावर दोराला लटकून शीळ घालणारा माणूस. आता त्यांच्या पोटातली प्लीहाच त्यांचं रक्त खायला उठली होती, म्हणून ती काढायची होती. ती गेली की साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी न्यूमोनियाची लस हवीच."

तर बाबा म्हणाले, "मागच्या वर्षीच घेतली की! कामावरच्या शिबिरात."

झालं! लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, केसाएवढा फरकही तिला खपत नसे. आणि लसी निघाल्या दोन जातींच्या. नवी एकदा घेतली की भागतं. जुनीचा असर ओसरतो, शिवाय ती घेतली असेल तर नवीसाठी वर्षभर थांबायचं, आणि शिबिराला अजून वर्ष भरलं नव्हतं. तोवर ऑपरेशन लांबवायचं की काय? तिने दोन्हींचे फोटो दाखवले. बाबा आज म्हणत निळं टोपण, उद्या म्हणत पांढरं असेल बुवा. शिबिरवाले फोनच उचलत नव्हते. तिला जेवण गोड लागेना.

लस घ्यायचा आज शेवटचा दिवस. दवाखान्याच्या बाकावर तिची नुसती उठबस चालली होती.

"बाबा, नीट आठवा. टोचल्यावर हात दुखला होता का?"

बाबा चपलांकडे बघत राहिले. "टोचलंच नाही गं. रांगेत पुढचा माणूस 'आई गं' म्हणाला आणि मी सटकलो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, जिवाशी खेळ होता हा! आधी बोलायला काय झालं होतं?"

"लाज वाटली. तुझ्यापुढे."

म्हणजे हिशेबच मिटला. काहीच घेतलेलं नाही, तर आज सरळ नवी. नर्सने बाबांची बाही वर केली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण लहानपणी मला टोचताना तुम्हीच धरायचात की," लेक म्हणाली.

"धरायचो. डोळे गच्च मिटून. तू रडत असायचीस, तुला कुठून दिसणार?"

लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. बाबांनी डोळे मिटले. सुई बाहेर येईपर्यंत तिने आपले उघडे ठेवले.