चौदावी किल्ली

उत्खननात एका जुन्या विहिरीच्या गाळातून चौदा किल्ल्या निघाल्या. किल्ल्या कसल्या, गंजाचे चौदा गोळे. संग्रहालयात नव्याने लागलेल्या सूनबाईंनी महिनाभर मान मोडून तेरा किल्ल्यांची ओळख पटवली. धरायच्या कडीचा आकार कसा, दांडा पोकळ की भरीव, यावरून शतक कुठलं आणि किल्ली पेटीची की दाराची, ते ठरे. चौदावीने मात्र नाकी नऊ आणले. कडी आणि दांडा सांगत होते, चौदावं शतक, दाराची किल्ली. पण दाराची किल्ली आतून-बाहेरून दोन्हीकडून फिरायला हवी, म्हणून टोकाच्या पात्याच्या दोन अर्ध्यांवरच्या खाचा आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट हव्यात. एक्स-रेमध्ये हिचे दोन्ही अर्धे अगदी सारखे दिसत होते.

"नकली आहे," संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले. "कुणीतरी मागाहून टाकली असणार. उद्यापर्यंत खरी ठरली नाही, तर प्रदर्शनातून बाहेर."

ही किल्ली सूनबाईंनी स्वतः गाळातून वेचली होती. घरी येईस्तोवर त्या रडायच्याच तेवढ्या बाकी होत्या.

घरी सासरे होते. चाळीस वर्षं त्यांनी कुलपं-किल्ल्या घडवल्या, आणि 'माझ्या हातून एक किल्ली चुकली नाही' हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज पानात वाढलं जाई. म्हणूनच सूनबाई त्यांना काही विचारत नसत. एकदा सुरू झाले की आवरत कोण? पण आज अडला हरी. त्यांनी एक्स-रे सासऱ्यांपुढे धरला.

सासऱ्यांनी पाहिलं आणि नेहमीचं वाक्य न म्हणताच ते उठले. मग आतल्या खोलीत जाऊन खिळ्यांचा डबा घेऊन आले. तळातून एक किल्ली काढली. दोन्ही अर्धे सारखे!

"बाबा, ही कुणाची?"

"माझी. तुझा नवरा जन्मला त्या दिवशीची. एक अर्धा कापला आणि निरोप आला. बाळ बघून हवेत तरंगतच परतलो, दुसरा अर्धा कापताना किल्ली उलटी धरायचीच राहिली. कुठल्याच बाजूने फिरेना! कुणी बघायच्या आत डब्यात लपवली."

"म्हणजे ही विहिरीतली—"

"खरी आहे गं! नकली करणारा चांगली किल्ली समोर ठेवून उतरवतो, त्याचं बरोबर येतं. अशी माती करायला अस्सल कारागीर लागतो. खाचांच्या कडा बघ, जराही झिजलेल्या नाहीत. एकदाही कुलपात फिरली नाही ती."

"साहेबांना पटवायला तुमची किल्ली न्यावी लागेल, बाबा. मग सगळ्यांना कळेल."

सासऱ्यांनी डबा बंद केला. पुन्हा उघडला. चाळीस वर्षांची फुशारकी अशी हातातून सोडायची म्हणजे जिवावरच आलं त्यांच्या. सूनबाईंच्या चेहऱ्याकडे एकदा बघून ते म्हणाले, "ने."

प्रमुखांनी एक्स-रे आणि सासऱ्यांची किल्ली शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं, डोकं खाजवलं आणि हसत मान्य केलं. प्रदर्शनात दोन्ही किल्ल्या एकाच काचेखाली मांडल्या गेल्या.

पहिल्या दिवशी सासरे त्या काचेपाशी ठाण मांडून बसले. येईल त्याला सांगत होते, "सहाशे वर्षांत ही चूक दोघांनीच केली. उजवीकडची माझी!"

"मग डावीकडची विहिरीत कशी गेली?" एका बाईंनी विचारलं.

"लपवायला. माझ्याकडे डबा होता, त्याच्याकडे विहीर." सासऱ्यांनी डावीकडच्या किल्लीकडे बोट केलं. "त्याच्याही घरी त्या दिवशी बाळ आलं असणार, बाई."