विकलेल्या जोडीचा दोर

मित्रांनो, मी एक जुना अंबाडीचा दोर आहे. बारा हात लांब, अंगठ्याएवढा जाड, आणि आता इतका थकलेलो की नुसतं हातात घेतलं तरी अंगातून धागे गळतात. आपली कहाणी सांगायला बहुतेक छत्री, खुर्ची, फळा अशी शिकलीसवरलेली मंडळी पुढे येतात. दोराला कोण विचारतं? पण आजचा अर्धा चढ संपला आहे, वझं खाली ठेवलं आहे आणि मला घटकाभर सवड आहे. ऐकणार असाल तर सांगतो.

घाटंजीच्या पलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या भीमसिंगच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी उगवलो. माझ्या कोवळ्या पानांची भाजी झाली, लाल बोंडांची चटणी झाली, आणि उरलेल्या काड्या नाल्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. पंधरा दिवस मी तिथे कुजलो. काय तो वास, अरे बाप्पा! बाया नाकाला पदर लावून जायच्या. मग भीमसिंगने काड्या सोलल्या, सालीचा वाख वाळवला आणि पुढच्या पोळ्याच्या आधी मांडीवर तीन पदर वळून मला पीळ दिला. तो म्हातारा होता, पण त्याचा पीळ कडक होता. आजही मी धरून आहे तो त्याच्याच जोरावर.

बंजाऱ्यांचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. ते दिवस भीमसिंगनेही पाहिले नव्हते, पण वझं बांधायची गाठ त्याच्या आजाने त्याला दिली होती. ती त्याने आपल्या मुलाला, पूनमसिंगला शिकवली. तीही माझ्यावरच.

"वझं दोन्ही अंगांनी सारखं पाह्यजे," तो सांगायचा. "दोराखाली दोन बोटं गेली पाह्यजे. अन् मोकळं टोक डाव्या हाताशी. बैल पडला तं एका झटक्यात वझं सुटलं पाह्यजे. माल पुन्हा भेटते, बैल नाही भेटत."

भीमसिंग गेला आणि मी पूनमसिंगचा झालो. त्याच्याकडे मोऱ्या आणि चांद्या अशी जोडी होती. बैलबंडीवरचा कापूस मी बांधला, टेकडीवरच्या वावरातून तुरीचे भारे बैलांच्या पाठीवरून मी उतरवले, श्रावणात शीलाचा झोकाही मीच धरला. शीला ही पूनमसिंगची मुलगी. पोळ्याला मला तेल लावायचे. गावातले लोक मला हाताने चाचपून म्हणायचे, "याले म्हनतात दोर!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग पूनमसिंगच्या मुलाने, बबलूने, ट्रॅक्टर आणला. एका सकाळी जेवताना तो म्हणाला, "बा, आता जोडी उभी ठेवून कराचं काय?" पूनमसिंग काही बोलला नाही. होही नाही, नाहीही नाही. बबलूने त्याचा अर्थ हो असा घेतला. त्या आठवड्यात माझ्या एका टोकाला मोऱ्या आणि दुसऱ्या टोकाला चांद्या बांधून आम्ही घाटंजीच्या बाजारात गेलो.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचा दोर देत नाहीत. घेणाऱ्याने आपला दोर आणायचा. दोर गेला तर गोठ्याची लक्ष्मी गेली असं मानतात. पूनमसिंगने दोन्ही गळ्यांतून मला सोडलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि तो पायीच तांड्यावर परत आला. बैल गेले आणि मी राहिलो. लक्ष्मी म्हणून राहिलो म्हणे!

त्या दिवसापासून पूनमसिंगचं बोलणं बंद झालं. सात महिने तो खाटेवर बसून होता. करायचं काय, तर मला खाटेच्या पायाला तीच गाठ मारायची आणि एका झटक्यात सोडायची. पुन्हा मारायची, पुन्हा सोडायची. दिवसातून शंभर वेळा. मित्रांनो, वीस वर्षं वझी ओढून मी जेवढा झिजलो नाही तेवढा त्या सात महिन्यांत झिजलो. लालीबाई, त्याची बायको, ताट घेऊन समोर उभी राहायची. "जेवता का हो?" तो मान हलवायचा. ती पदराने डोळे पुसून आत जायची.

शीला यवतमाळच्या शाळेत शिकवते. तिने डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, शरीर ठणठणीत आहे, यांना बाहेर काढा, चालायला लावा. तेव्हा यवतमाळचा कपिल नेपाळच्या डोंगरात पायी फिरायला माणसं नेत होता. आठ दिवस गावागावांतून चालायचं, लोकांच्या घरी राहायचं, त्यांचं खाणंपिणं, नाचगाणं बघायचं, सामान खच्चरावर. शीलाने दोन नावं दिली.

लालीबाई चिडली. "वावरात जात नाही तो मानूस, अन् तू त्याले पहाड चढवतं?"

"याडी, तो तिथं एक शब्द बोलला ना, तरी मी भरून पावली," शीला म्हणाली. याडी म्हणजे आई.

पूनमसिंग मला काही हातातून सोडेना. शेवटी शीलाने चेन तुटलेल्या त्याच्या बॅगेला मला आडवातिडवा बांधलं. नागपूर स्टेशनवर घाटंजीचे विठ्ठलराव भेटले. तेही याच सहलीला निघाले होते, नवीकोरी लाल बॅग घेऊन. मला बघून ते हसले. "काय हो पूनमसिंग, बॅग पळून जाते म्हनून बांधली का?" पूनमसिंगने फक्त माझी गाठ चाचपून पाहिली. मला मात्र राग आला. या वयात थट्टा सोसवत नाही.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस, मग जीप, आणि मग पाय. पहिल्या गावात बायांनी सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, कपाळाला टिळा लावला. कोदोचं, म्हणजे नाचणीचं, ढिंडो वाढलं. आपल्याकडच्या पिठाच्या घाट्यासारखं असतं ते, फक्त काळं. कपिल हौसेने सगळं समजावून सांगत होता. पूनमसिंग जेवला, माळ काढून उशाशी ठेवली आणि झोपला. शीला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शब्द काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत एक दगडी ओटा लागला. वर पिंपळ आणि वड, खाली माणसाच्या पाठीच्या उंचीची दगडी पायरी. कपिल म्हणाला, "ही चौतारी. भारा वाहणाऱ्यानं उभ्याउभ्याच वझं टेकवायचं, म्हणजे उतरवावं लागत नाही. लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं बांधतात." पूनमसिंग त्या पायरीवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलला. पण मी खरं सांगू? ओझ्याला टेकायला जागा बांधणारे लोक मी जन्मात पहिल्यांदा पाहिले, आणि मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खच्चरं लादली जात होती. खच्चरवाला दिलमान, पन्नाशीचा माणूस, घाईत होता. पांढऱ्या नाकाच्या खच्चरावर एका बाजूला दोन बॅगा आणि दुसऱ्या बाजूला चार. निळी नायलॉनची दोरी त्याच्या कातडीत रुतली होती आणि खाली तळहाताएवढी ओली जखम होती. मी बॅगेसकट तिथेच होतो, म्हणून मला जवळून दिसली. पूनमसिंग पुढे आला. त्याने ती दोरी बोटाने उचलून पाहिली. बोट आत जाईना.

"वझं उतरव," तो म्हणाला.

आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. शीला जागच्या जागी थिजली. सात महिन्यांनंतरचा पहिला शब्द, आणि तोही तिला नाही, एका अनोळखी खच्चरवाल्याला! ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. दोन्ही असावं.

दिलमानला मराठी कुठून येणार? पण आवाज कळला. वझं उतरलं. पूनमसिंगने मला बॅगेवरून सोडवलं, जखमेवर आपला गमछा घडी करून ठेवला, बॅगा तीन-तीन केल्या आणि भीमसिंगची गाठ मारली. मग दिलमानची दोन बोटं धरून माझ्याखाली घातली. "दो उंगली जाना चाहिए. नहीं गया, तो खोल. जहाँ रुकेगा, वहाँ ढीला कर." त्या दिवशी तो एवढंच बोलला. पण रात्री जेवताना त्याने शीलाला विचारलं, "तू जेवली का?" तिच्या हातातला घास ताटात पडला.

सहाव्या दिवशी दरड कोसळलेल्या जागेवरून जायचं होतं. वाट वीतभर, खाली नदी. पांढऱ्या नाकाच्या खच्चराचा मागचा पाय घसरला. वझं दरीकडे ओढू लागलं, जनावर गुडघ्यावर आलं. दिलमान चार खच्चरं पुढे होता. त्याला मागे वळायलाही जागा नव्हती.

"मोकळं टोक! मोकळं टोक ओढ!" पूनमसिंग ओरडला. आणि दुसऱ्याच क्षणी खाटेवरून न उठणारा तो म्हातारा धावला. खरंच धावला! त्याने डाव्या हाताने माझं टोक धरलं आणि झटका दिला.

मित्रांनो, त्या गाठीतून मी हजारो वेळा सुटलो आहे. पण असा कधी सुटलो नव्हतो. खडकाच्या धारेवर घासून माझा एक पदर तुटला. सगळ्या बॅगा गडगडत नदीत गेल्या, मी त्याच्या मुठीत राहिलो. हलकं झालेलं खच्चर धडपडून उभं राहिलं.

"अहो, माझी लाल बॅग! माझा स्वेटर! त्यात चकल्या होत्या हो!" विठ्ठलराव कळवळले.

"विठ्ठलराव, माल पुन्हा भेटते," पूनमसिंग धापा टाकत म्हणाला. "जनावर नाही भेटत." आणि खच्चराच्या मानेला मिठी मारून तो ओक्साबोक्शी रडायला लागला. मोऱ्या, चांद्या, अशी नावं घेत होता.

पलीकडच्या रुंद वाटेवर पोचल्यावर शीला त्याच्याजवळ जाऊन बसली. "बा, काय झालं? सांग ना रे."

"मी त्यायले इकलं, पोरी. बबलूनं विचारलं तवा नाही म्हनाचं होतं. तोंडातून निघालंच नाही. जवा बोलाचं तवा बोललो नाही. मंग नंतर बोलून काय फायदा?"

शीलाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.  विठ्ठलरावांनीही आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्या पाठीवर टाकली.

शेवटच्या दिवशी निरोप घेताना पूनमसिंगने मला गुंडाळलं. मी मनात म्हटलं, चला, सुटलो, आता घर, खुंटी, सावली. आणि त्याने मला दिलमानच्या हातात ठेवलं!

"बा, दोर देत नसते ना कोणाले?" शीला दचकून म्हणाली. "याडी काय म्हनन?"

"जनावर आपलं असलं तं नाही देत," तो म्हणाला. "माझ्या गोठ्यात आता कोण हाय? दोरानं जनावरापाशी राहावं."

आणि तो गेला. वळूनसुद्धा पाहिलं नाही. वीस वर्षं त्याच्या घामात भिजलो होतो मी. लय जिवाला लागलं, काय सांगू!

तेव्हापासून मी इथे, नेपाळच्या डोंगरात आहे. तुटलेला पदर दिलमानने सांधला, पण इथलं धुकं मला मानवत नाही. अंबाडी ओल सोसत नाही. चढ, उतार, पुन्हा चढ. विठ्ठलरावांच्या बॅगेसारख्या पुष्कळ नव्या बॅगा आल्या आणि गेल्या. रोज वाटतं, आज तुटेन.

काल कपिल नवी माणसं घेऊन आला. संध्याकाळी, खालच्या गावात, त्याने मोबाईलवर तांड्याला फोन लावला. पडद्यावर पूनमसिंग! मागून शीलाचा आवाज, "आता याचं बोलनं थांबतच नाही, याडी कावून गेली." मी अंग ताठ केलं. म्हटलं, आता माझं विचारेल.

"दिलमान, पाठ कशी है उसकी? जखम पे बाल आया क्या?" दिलमानने फोन खच्चराच्या पाठीजवळ नेला. केस आले होते. "दो उंगली जाता है ना?" "जाता है, बाबूजी." "बहोत अच्छा. गुड खिला उसको." आणि फोन बंद झाला.

माझं नाव निघालंच नाही. मी रात्रभर कुढलो. मग सकाळी, दव सुकताना, माझ्या लक्षात आलं. सात महिने त्याने मला हातातून सोडलं नव्हतं, तेव्हा तो जगात कुणाचंच काही विचारत नव्हता. आता तो मला विसरला आहे आणि एका खच्चराची पाठ विचारतो आहे. मित्रांनो, मी मेहनतीचा दोर आहे, मला यापेक्षा काय हवं?

तुमच्या घरात कुणी जुनी वस्तू हातात धरून गप्प बसलेलं असेल, तर ती हिसकावू नका. आणि जपून कपाटातही ठेवू नका. जवळ बसा आणि त्यांचं काय गेलं ते विचारा. सात महिने आमच्या घरात हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण दोराला तोंड नसतं.

बरं, दिलमान उठला आहे. पुढे अजून दोन तासांचा चढ आहे. त्याने वझं चढवलं, गाठ मारली, माझ्याखाली दोन बोटं घालून पाहिली. गेली.