जपून ठेवलेला मास्क

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. पण माझ्या वयाला भुलू नका. माझी खरी नोकरी नुकतीच कुठे सुरू झाली आहे.

जाड काळे रबर आणि दोन्ही गालांवर गोल डब्या, असा माझा अवतार. विषारी वाफ डब्यांत अडवायची आणि आत श्वासापुरती हवा सोडायची, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. मी आलो तो गाड्यांना फवाऱ्याने रंग मारणाऱ्या एका पट्टीच्या कारागिराकडे. सगळे त्याला उस्ताद म्हणत. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून तो दारे-खिडक्या लावून काम करी. थिनरची वाफ आतच कोंडे. माझी खरी जागा तिथेच होती.

पण उस्ताद पडला जपणारा माणूस! "एवढी चांगली वस्तू रंगानं बरबटवायची होय?" असे म्हणून तो नाकाला रुमालच बांधायचा. त्याच्या बायकोने मला मऊ खोळ शिवली. आल्यागेल्याला मला दाखवले जाई. खोटे कशाला सांगू, कौतुकाने माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

अशी वर्षे गेली. मग उस्तादाला जिना चढताना धाप लागू लागली, अंगावर उगाच निळे डाग उठू लागले. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वाफेनंही झालं असेल," घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितले. "मी म्हटलं, माझ्याकडे मास्क आहे की! तर म्हणाल्या, घालता का?"

मला फार वाईट वाटले.

लेक त्याच्याच हाताखाली तयार झालेली. आता घराचा गाडा तिलाच ओढायचा होता. कामाला निघताना तिने बापाचाच रुमाल नाकाला बांधला. उस्ताद भिंतीला धरून उठला आणि त्याने मला खोळीतून काढले.

"तो सोड. हा घे."

"राहू दे बाबा, इतका जपलाय तुम्ही. खराब होईल."

"होऊ दे! याला जपत बसलो, तिथंच चुकलो. आणि हो, डब्या नव्या बसव. पडून पडून त्याही वाया गेल्यात."

मित्रांनो, वस्तू जपाव्यात हे खरेच. पण जी तुम्हाला जपण्यासाठी केली आहे, तिला झिजू द्या.

उस्तादाचे उपचार चालू आहेत. संध्याकाळी लेक आली की तो तिचा चेहरा उजेडाकडे वळवतो, गालांवर उमटलेले माझे वळ बोटाने चाचपून बघतो आणि मगच जेवायला बसतो.