तानीचं तळं आणि सासऱ्याचा ताड

तानीच्या तळ्याला हसलं नाही असं माणूस चिखल्याच्या त्या पाड्यात शोधून सापडलं नसतं. हसणारच ना! समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई घरात काचेच्या पेटीत पाणी भरून बसलेली. बरं, त्यात मासा तरी असावा! तोही नाही. नुसतं गवत. शेजारची भिकी दारात उभी राहून म्हणालीच, "मासा नाय, तर काय पाल्याचं कालवण करशील, तानी?"

तानीने ते हसण्यावारी नेलं. कारण सांगायचं तर सासऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि सासरा लडक्या तिथेच खाटेवर होता.

लडक्या म्हणजे उभा जन्म ताडावर, ताडी काढण्यात घालवलेला माणूस. गेल्या वर्षी वरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. डॉक्टरने सांगितलं, आता झाड विसरा. पुन्हा पडलात तर मला बोलावू नका. लडक्याने ऐकून घेतलं, घरी आला आणि खाटेवर आडवा झाला तो झालाच. जेवायला बोलवा, दोन घास. बोलायला जा, हूं की चूं नाही. खिडकीतून ताडांचे शेंडे दिसत, तेवढे मात्र बघत राही. त्या नजरेने तानीचा जीव टांगणीला लागला होता. तिचा बाप लहानपणीच गेलेला. ती लग्न होऊन आली, त्या उन्हाळ्यात ह्याच माणसाने ताडगोळे सोलून तिला पोटच्या पोरीसारखे खायला घातले होते. हा म्हातारा एक दिवस कुणाला न सांगता वर चढणार, आणि आपण तिकडे डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात फुगे तपासत बसलेलो असणार... पुढचं तिला मनातही बोलवत नसे.

तिचा नवरा उमेश रंगकाम करायचा. एका बंगल्यात मासे मेले म्हणून ही पेटी टाकून दिलेली, ती त्याने रिक्षात घालून आणली. तानीने ती उचलून थेट खिडकीपुढे मांडली. लबाडच बाई! म्हाताऱ्याची नजर वर जाते ना, तर ती पाण्यात उतरवायची, असा तिचा डाव.

तिचं माहेर सायवनचं. तिथून ओढ्यातले दगड आणले, शेतातली चिकण माती आणली, भाताच्या पाण्यात उगवणारं बारीक पानांचं तण मुळासकट आणलं. तळाशी माती, तिच्यावर वाळू. मागे उंच गवत, पुढे बुटकं. मोठा दगड मधोमध न ठेवता एका अंगाला कलता ठेवला. आणि मधून वाळूची पायवाट सोडली, पुढे रुंद, मागे निमुळती होत जाणारी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, वाट पार कुठल्या कुठे गेली आहे.

आधी सगळं गढूळ. मग हळूहळू पाणी निवळलं, आणि दुपारचं ऊन खिडकीतून आत शिरून गवतात रेंगाळायला लागलं. पानं वाऱ्याविना हलत. बघता बघता डोळा लागावा, आणि लागला तरी आपण तिथेच, त्या वाटेवर चालत असावं, असं काहीतरी त्या पाण्यात होतं. तानी सुट्टीच्या दिवशी भांडी तशीच टाकून बसून राही.

आणि एका दुपारी खाटेवरून आवाज आला, "ही वाट सायवनला जाते काय?"

तानीने हातातला पेला खाली ठेवला. "जाते ना बाबा. दगडाला वळसा घालून."

"मग मी आत्ता तिथंच होतो," लडक्या म्हणाला. "वाटेत कुणी भेटलं नाय. पण बरं वाटलं."

त्या दिवसापासून म्हातारा तळ्यात पडला म्हणा ना! काठी टेकत उठायचा, पेटीवर ओणवा होऊन वरून बघायचा. आम्ही वरून बघणारी माणसं, म्हणायचा, बाजूने काय दिसतंय! वरून ताड बघितलेत कधी? मग हे झाड तिकडे कर, ते वाकव, समुद्राकडचं झाड असं ताठ उभं राहत नाय, अशा सूचना. तानी मुकाट्याने हात पाण्यात घाले. मनातून नाचत होती.

पण झाडं काही जोर धरेनात. पिवळी पडली. उमेशने मोबाइलवर बघून शोध लावला की त्यांना गॅस लागतो, आपल्या श्वासातून निघतो तसला. साखरेच्या पाण्यात खमीर घालायचं, ते फसफसतं, नळीने तो गॅस पाण्यात सोडायचा. त्याने साखरपाण्याच्या बाटलीच्या बुचाला दोन भोकं पाडली. एकातून नळी, दुसऱ्यावर तानीने आणलेला फुगा, गॅस जास्त झाला तर त्यात शिरावा म्हणून. दोन दिवस बुडबुडे आले, मग नुसत्या मुंग्या आल्या.

"साखर कशाला घालता?" लडक्या म्हणाला. "ताडी आपली आपणच फसफसते."

"त्या वस्तूचं नाव काढायचं नाय ह्या घरात!" तानी एवढ्या जोरात ओरडली की भिकी डोकावून गेली. तसंही ताडी काढायला उरलं होतं कोण? पाड्यातला दुसरा गडी चिमण तलासरीला कंपनीत लागलेला. लडक्या पुन्हा पेटीवर ओणवा झाला. विषय तिथेच मिटला.

नंतरचे दिवस मात्र सोन्यासारखे गेले. म्हातारा भाकरी मागून घ्यायला लागला. रात्री घोरायला लागला. एकदा तर चक्क गुणगुणला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तानी भिकीला तोऱ्यात सांगून आली. "बघ, माझ्या गवताने माणूस उठवला."

मग एका दुपारी कारखान्यातलं मशीन बंद पडलं आणि बायकांना लवकर सोडलं. तानी घरी आली. दार उघडं, खाट रिकामी. आणि तळं...

ती उंबऱ्यातच थांबली. प्रत्येक पानावर चांदीचे बारीक मणी लगडले होते. एकेक मणी सुटायचा, हळूच वर जायचा, मागून दुसरा. सगळं पाणी जणू श्वास घेत होतं. पायवाट त्या चमचमाटात हरवली होती, आणि तानीला वाटलं, आता पाऊल टाकलं तर आपणही बिनवजनाचे होऊन वर तरंगू. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे.

मग वास आला. गोडसर, आंबूस. बाटलीत साखरपाणी नव्हतं. पांढरी फेसाळ ताजी ताडी होती, आणि फुगा टम्म झाला होता.

तानीने फुग्याला बोट लावून बघितलं. ताडाच्या देशात नांदलेली सून ती! तिला माहीत होतं, आज चढलं आणि आज ताडी मिळाली असं होत नाही. पोय, म्हणजे ताडाचा फुलोरा, बांधावी लागते, ठोकावी लागते, तिचं टोक रोज थोडं थोडं तासावं लागतं, तेव्हा कुठे ती पाझरते. म्हणजे म्हातारा आज चढला नव्हता. ती कामाला गेली की रोज सकाळ-दुपार चढत होता. ती भाकरी, ते घोरणं, ते गुणगुणणं... अरे देवा! आणि मी म्हणते माझं गवत!

ती धावत सुटली. वाडीच्या कडेच्या ताडावर, पार शेंड्याशी, लडक्या होता. तोंडातली हाक तिने दातांनी अडवली. झाडावरच्या माणसाला खालून हाक मारायची नसते, तो दचकतो. तेवढं ती ह्या घरात शिकली होती. ती बुंध्याला हात लावून उभी राहिली आणि रडत राहिली, आवाज न करता.

लडक्या सावकाश उतरला. खाली चालताना लंगडणारा पाय खोडावर मात्र शहाण्यासारखा पडत होता. कमरेला मडकं, अंगभर घाम. जमिनीला टेकला आणि तिला बघून चोरासारखा झाला.

"मेले असते मी!" तानी फुटली. "तुम्हाला काय कळतं का? तुम्ही पडला असता तर मी कुणाला बाबा म्हटलं असतं?"

त्याने मान खाली घातली. कमरेचं मडकं सोडून बुंध्याशी ठेवलं. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "झाडांना लागला का श्वास?"

"लागला."

"मग ही बाटली... किती दिवस पुरंल?"

तानीने त्याच्याकडे बघितलं. खाटेवरचा तो करपलेला चेहरा कुठे गेला होता? डोळे लहान पोरासारखे तिच्या उत्तराला लागले होते. पुरेल की महिनाभर, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पेटीसमोर बसून राहिला असता म्हातारा, जन्मभर सुखरूप. शब्द तिच्या ओठावर आलाही होता.

"कसली पुरतेय," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "उद्या आंबून जाईल. रोज ताजी लागणार, बाबा. पण मी कामावरून आल्यावर चढायचं. मी खाली उभी असताना."