लगाम धरणारी

तीन पिंपांना वळसे घालून घोडं सुसाट बाहेर काढायचं, एवढाच तो खेळ. पण ट्वायलाची घोडी पेनी मैदानात शिरायच्या चिंचोळ्या वाटेतच अडून बसायची. लगामाला कोरीनचा हात लागला की मात्र मुकाट चालायची. रोडिओत, म्हणजे दर आठवड्याला नव्या गावी भरणाऱ्या घोडेस्वारीच्या त्या मेळ्यात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोघी गाडीमागे ओढायच्या एकाच ट्रेलरमध्ये जोडप्यासारख्या राहतात, हेही ठाऊक होतं. पण दुसऱ्यांच्या घोड्यांना नावं ठेवण्यातून सवड मिळेल तेव्हा ना रोडिओवाले माणसांकडे वळणार!

या शनिवारी मात्र रोडिओ ट्वायलाच्याच गावी, ओक्लाहोमात होता. चर्चची मंडळी झाडून आली होती.

"आज लगाम माझा भाऊ धरेल," खोगीर आवळता आवळता ट्वायला म्हणाली. "लोक बघतात गं."

"लोक काय, दर आठवड्याला बघतात."

"हे माझे लोक आहेत."

कोरीन हसली. "पेनीला विचारलंस का?"

तेवढ्यात ट्वायलाचे वडील कुंपणाशी आले. "ही कोण गं?"

"ही होय? घोडीचं बघायला ठेवलीय, डॅडी."

शब्द निघून गेले आणि ट्वायलाचे कान तापले. कोरीनने टोपी काढली. "हो साहेब. शेण काढते, दाणा घालते." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

भोंग्यावर ट्वायलाचं नाव पुकारलं. भावाने लगाम ओढला तशी पेनी मागच्या पायांवर उभी राहिली. पुन्हा नाव पुकारलं. लोक हसायला लागले. आता आत गेली नाही तर बाद होणार. एवढ्यात कोरीन धावत आली, भावाला बाजूला सारलं आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला. "चल बाई, उगाच तमाशा नको." पेनी चालू लागली. वाटेच्या तोंडाशी कोरीनने लगाम सोडला. "जा, मॅडम," ती म्हणाली.

ट्वायला पहिली आली.

बक्षिसाच्या फोटोसाठी आई, डॅडी, भाऊ, पाद्री असे सगळे दाटीवाटीने उभे राहिले. पेनी चुळबुळत होती, म्हणून लगाम कोरीनकडेच होता. डॅडी गोडीनेच म्हणाले, "पोरी, जरा बाजूला हो. घरच्यांचा फोटो आहे."

सगळे थांबले होते. 'राहू दे तिला,' एवढंच म्हणायचं होतं. ट्वायला कॅमेऱ्याकडे बघून हसली. कोरीन हात लांबवून, लगाम धरून चौकटीबाहेर सरकली.

नंतर ट्रेलरपाशी ती आपली बॅग भरत होती. ट्वायला रडकुंडीला आली. "पुढच्या रोडिओत सांगते गं सगळ्यांना. शपथ!"

"तिथे कुणाला सांगणार? तिथे सगळ्यांना माहितीय." कोरीनने चेन ओढली. "घोडीला उद्यापासून तुझ्या हाताची सवय लाव. हळू बोलत जा तिच्याशी."

ती एका ओळखीच्या बाईच्या गाडीत बसून गेली. ट्वायला मागे धावली नाही, कारण पलीकडे आई जेवायला हाका मारत होती आणि माणसं बघत होती.

टेबलावर भाजलेलं मांस, घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव मांडला होता. डॅडींनी देवाचे आभार मानले आणि विचारलं, "ती तुझी कामवाली जेवली का?"

"जेवली," ट्वायला म्हणाली, आणि तिने पाव पुढे ओढला.