कुंडापुरते कपडे

ओल्या पावलाचा ठसा काळ्या दगडावर सकाळी आठला चार मिनिटं टिकतो आणि दुपारी बाराला जेमतेम एक. आधी टाचेची कड वाळते, मग तळव्याचा मधला भाग, अंगठ्याचा ठिपका सर्वांत शेवटी. सुगंधाबाईने खाली पाहिलं. चुन्याने रंगवलेल्या दगडांच्या ओळीपलीकडे तीन ठसे गेले होते आणि तिन्ही अजून पूर्ण होते.

“ताई, मागे या,” ती मान न वळवता म्हणाली.

नारळाच्या टपरीआडून एक मुलगी हसत बाहेर आली. अंगातली मॅक्सी भिजून पोटऱ्यांना चिकटली होती. जळगावच्या एका बँकेतली माणसं सकाळी दोन जीप करून उनझिऱ्याला सहलीला आली होती, त्यांतली ही.

“मावशी, तुम्हाला पाठीलाही डोळे आहेत का? नुसता चहा आणायला चालले होते.”

“चहा गावात. आणि गावात ओल्या अंगाने जायचं नाही. पाटी आहे.”

“आंघोळीचे कपडे कुंडापुरतेच,” मुलीने मोठ्याने वाचलं. “मग आमच्या साहेबांना सांगा की. ते हाफपँटमध्ये देवळाकडे गेले.”

“त्यांना लुंगी दिली. बघा, नेसून बसलेत.”

देवळाच्या पायरीवर साहेब फुलाफुलांची लुंगी गुडघ्यांत आवळून बसले होते. मुलीला हसू आवरेना. सुगंधाबाईने पत्र्याच्या पेटीतून कोरडी फडकी काढून तिच्या डोक्याखांद्यांवरून ओढून दिली. इकडच्या बायका लुगड्यावरून घेतात ती.

“मावशी, या उन्हात तुम्ही मनगटापर्यंत बाह्या कशा घालता हो? उकडत नाही?”

“सवय आहे,” सुगंधाबाई म्हणाली.

सातपुड्याच्या पायथ्याला हे गरम पाण्याचं कुंड होतं. पूर्वी खरजेचे, गजकर्णाचे लोक येत. मग चोपड्याहून, अमळनेरहून, जळगावहून नुसते फिरायला येणारे वाढले. ते चड्डी-बनियनवर, ओल्या परकरावर गावातून हिंडू लागले. हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांनी तक्रार केली, तेव्हा देवस्थान समितीचे कारभारी लीलाधर नानांनी दगडांची ही ओळ मांडली आणि ओळीवर सुगंधाबाईला उभं केलं. लुंग्या आणि फडक्या देणं, परत घेणं, धुणं, वाळवणं, हे तिचं काम. ओळीच्या अलीकडे, पाण्यात, तिने हरतऱ्हेची अंगं पाहिली होती. भाजलेली, टाके पडलेली, बाळंतपणाने सैलावलेली. पाण्यात कोणी कोणाकडे बघत नसे. ओळीशी आलं की माणसं आपापल्या अंगाकडे बघू लागत.

ती स्वतः सोमवारी दुपारी, कुंडावर चिटपाखरू नसताना, आंघोळ करी.

सत्तर साली भाऊ तिला पिंपळनेरहून इथे घेऊन आला, तेव्हा डाव्या मनगटावर हरभऱ्याएवढा पांढरा डाग होता. चाळीस आंघोळी केल्या की निवळतं, असं कोणीतरी सांगितलं होतं. निघताना नवरा दारात उभा होता. निवळलं की घ्यायला येतो, म्हणाला. चाळिसाव्या दिवशी डाग चिंचोक्याएवढा झाला होता. तिने तसं कळवलं. कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी त्याने दुसरी केल्याचं कळलं. तरी दर उन्हाळ्यात ती हाताला दोरा लावून डाग मोजत राहिली, आणि शिंप्याला बाह्या तेवढ्या वाढवून सांगत राहिली. पंचवीस वर्षांत डाग कोपरापर्यंत गेला आणि दोन्ही पावलांवर उतरला. चेहरा तेवढा तसाच राहिला. धर्मशाळेतल्या खोलीत संध्याकाळी ती एकटीची भाकरी करायची. एका माणसाचं पीठ मळायला फार थोडा वेळ लागतो.

तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याची चिठ्ठी आली होती. दुसरी वारली, घर मोकळं पडलं, होळीच्या आधीच्या रविवारी न्यायला येतो. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. उत्तर मात्र लिहिलं नव्हतं. नानांनाही काही सांगितलं नव्हतं. एकदा तिने आपली पातळं घडी करून गाठोडं बांधलं, दुसऱ्या दिवशी सोडलं.

आज तो रविवार होता.

अकराच्या एसटीने आलेले लोक कुंडात उतरले तेव्हा तिने त्याला ओळखलं. डोक्यावरचे केस गेले होते, पण पाण्यात शिरताना पाठीमागे एक हात धरायची ढब तीच होती. तो बराच वेळ पाण्यात बसला. मग ओल्या बनियन-चड्डीवर पंचा टाकून सरळ तिच्याकडे चालत आला.

“बाई, देवनं दर्शन करी येस.”

“ओल्या अंगाने नाही. लुंगी लावा आधी.”

त्याने लुंगी घेतली. तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली. “आठे सुगंधाबाई कोठे ऱ्हास?”

“लुंगी लावा, मंग सांगस.”

गाठ मारता मारता त्याचे हात थांबले. त्याने पुन्हा वर पाहिलं.

“तू वळखू उनी नही,” पितांबर म्हणाला.

दोघं कठड्यावर बसली, मध्ये त्याची पिशवी. बँकेच्या मुली कुंडात एकमेकींवर पाणी उडवत होत्या.

“चिठ्ठी भेटनी का?”

“भेटनी.”

“जवाब नही धाडा.” तो पंचाने मान पुसत पुढे म्हणाला, “रुख्मीले जाईसन दीड वरीस व्हयनं. पोराना लगीन कया. वहू भली शे. पन घर बोलस नही.”

गरम पाण्यातून एकदम वर आलं की तहान लागते. तिने तांब्याभर थंड पाणी आणून दिलं.

“मी भ्यायना व्हतू तवय,” पाणी पिऊन तो म्हणाला. “मायनं आयकं.”

पंचवीस वर्षांत तिने हे वाक्य त्याच्या तोंडी कितीतरी वेळा घातलं होतं. ते आता खरोखर आलं होतं. माणूस इतक्या लांबून, दोन एसट्या बदलून आला होता. भाकरी दोघांची झाली असती. आजारपणात कोणी दार वाजवलं असतं.

त्याने पिशवीतून लाल फडकी काढली, नवी कोरी, धुळ्याच्या दुकानाच्या घडीत. ती त्याने तिच्या मांडीवर ठेवली.

“निवळनं का?” त्याने हळूच विचारलं.

“नही.”

“कोठलोंग गयं?”

“कोपरलोंग. पायले बी.”

तो विचार करत राहिला. हिशेबी नव्हे, काळजीचाच चेहरा होता.

“मंग बाह्या अश्याच पुऱ्या ठेवजो. पायमां मोजा घालजो, धुळाले भेटतंस. कोन्हाले समजाव नही.”

“घरमां बी?”

“घरमां बी. वहू नवी शे ना. तिले सांगेल शे, मोठी माय देवनी सेवामां व्हती म्हनी.”

“न्हाताना?”

“न्हानीले दार शे,” पितांबर म्हणाला. तिची सोय लागली याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं.

सुगंधाबाई कुंडाकडे बघत राहिली. साहेबांची बायको, पोटावर लांब टाक्यांची, मुलींमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात बसून मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती. तिची मॅक्सी फुगून वर आली होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

देवळाच्या बाजूने लीलाधर नाना काठी टेकत आले.

“सुगंधाबाई, हे कोण पाहुणे?”

“मी हिना घरधनी,” पितांबर उठून म्हणाला. “लेवाले उनू. साडेतीननी गाडी शे.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या लाल फडकीकडे. पंचवीस वर्षांत या बाईला घरधनी आहे हे ते विसरून गेले असावेत.

“असं का,” ते म्हणाले. “चांगलं झालं की. लवकर सांगायचं होतंस, बाई. मग उद्यापासून ओळीवर कोणाला उभं करू?”

तिने फडकीची घडी मोडली नव्हती. ती तशीच तिने पितांबरच्या पिशवीत ठेवली, नीट, वरच्या बाजूला, म्हणजे प्रवासात चुरगळणार नाही. पिशवीचे बंद बांधले. नाना उत्तराची वाट बघत होते. पितांबरही बघत होता, आणि त्याला अजून काही कळलेलं नव्हतं.

“तुम्ही निघा,” ती त्याला म्हणाली. “मी नही येवाव.”