साखळी तुटू नये म्हणून

प्रफुल्ल आणि लीना मलावीला चालले, ही बातमी देवळीत फुटली तेव्हा निम्म्या ओळखीच्यांनी मलावी कुठं आलं ते विचारलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी तिथं भाकर मिळते का ते. प्रफुल्ल दोन्ही प्रश्नांना हसून उत्तर द्यायचा. आफ्रिकेत आहे, आणि खायला मक्याचं असतं. तो शाळेत मास्तर, लीना वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स. मलावीतल्या एका खेड्यात मिशनची शाळा होती, तिला लागून चार खाटांचा दवाखाना होता, आणि दोन्हीकडं माणूस नव्हतं. पाच वर्षांसाठी जायचं होतं. लसी टोचून झाल्या, व्हिसा आला, दोन मोठ्या बॅगा आल्या आणि पुढच्या खोलीत पाहुण्यांसारख्या ऐसपैस बसल्या. घरात मागं राहणार होती ती एकटी विमलाबाई, प्रफुल्लची आई.

पण व्हिसा आणि लसी हा सोपा भाग. मिशनरी व्हायचं तर त्याआधी गावोगावच्या चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यावी लागते. देवानं आपल्याला कसं बोलावलं, ते चारचौघांत सांगावं लागतं. त्याशिवाय लोक तुमच्यासाठी प्रार्थना तरी कशाला करतील? आणि तिथं ‘आम्हाला जावंसं वाटलं’ एवढ्यानं भागत नाही. लोक रविवारचं मटण शिजत घालून आलेले असतात, त्यांना काळजाला भिडेल असं काही तरी हवं असतं. प्रफुल्लकडं तसं होतं. त्याच्याकडं एस्तेर होती.

एस्तेर त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, डेंग्यूनं गेली. सहा वर्षांची होती. पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, म्हणून फोटोत ओठ मुडपून हसलेली आहे.

साक्ष लोणच्यासारखी असते, मुरत जाते. पहिल्या वेळी, यवतमाळला, प्रफुल्ल एवढंच म्हणाला होता की लेकरू शांतपणे गेलं. तिसऱ्या चर्चमध्ये एस्तेर जाताना हसली. पाचव्या की सहाव्या चर्चमध्ये ती बोलू लागली. ‘घरात प्रार्थना चालू होती,’ प्रफुल्ल सांगायचा, ‘आणि माझी लेक क्षीण आवाजात म्हणाली, पप्पा, प्रार्थना थांबवू नका. बंधुभगिनींनो, त्या शब्दांत मी देवाची हाक ऐकली.’ इथं बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग लीना उठून गीत म्हणायची. तिचा आवाज गोड होता, आणि गाता गाता रडण्याची तिला आता सवय झाली होती.

एस्तेर गेली त्या दुपारी लीना घरी नव्हती. एस्तेरचा ताप सकाळी उतरला, म्हणून ती ड्यूटीवर गेली होती. जाताना नर्सच्या तोंडानं बजावून गेली होती की डेंग्यूत ताप उतरला की खरी धास्ती. हातपाय गार पडले, पोट दुखायला लागलं, तर तडक फोन करा. फोन आला तो सगळं हाताबाहेर गेल्यावर. ‘एकदम झालं वं, एकदम,’ प्रफुल्ल म्हणाला होता. तिनं ते मानलं. असं एकदम होतानाही तिनं वॉर्डात पाहिलं होतं.

आणि ‘प्रार्थना थांबवू नका’? हे तू मला आधी कधीच कसं सांगितलं नाहीस, असं तिला एकदा वाटून गेलं. पण एस्तेरचं आता नवं काही मिळणार नव्हतं. हे एक वाक्य मिळालं होतं, ते कशाला खरंखोटं करत बसायचं? ती ते मनातल्या मनात घोळवायची. पोळ्या लाटताना, वॉर्डात सलाईन लावताना, बसमध्ये. आपण जवळ नव्हतो तरी लेक भ्याली नाही, या एका गोष्टीवर ती दिवस काढत होती.

अकरावी साक्ष सिंदी रेल्वे या गावी होती. विमलाबाई गुडघ्यांपायी कुठं जात नसे, पण या वेळी हट्टानं आली. ‘चालला तर हाये मले टाकून. एकडाव ऐकू तर दे, काय बोलते माहा लेक,’ म्हणाली आणि पहिल्याच बाकावर जाऊन बसली. मुलगा बोलायला उभा राहिला तेव्हा तिचं तोंड नुसतं फुलून आलं होतं. मग ते वाक्य आलं. आजूबाजूच्या बायांनी पदर उचलले, आणि विमलाबाई मान खाली घालून स्वतःच्या हातांकडं पाहत राहिली. उपासनेनंतर ती कुणाच्या घरी जेवली नाही. पॅसेंजरमध्ये बोलली नाही, वर्ध्याहून देवळीच्या बसमध्ये बोलली नाही. लेक दूर देशी जाणार याचं दुःख असेल, असं लीनाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल शाळेत चार्ज सोपवायला गेला होता. सासूसुना मागच्या ओट्यावर बसून जवसाची चटणी डब्यांत भरत होत्या.

‘लीना,’ विमलाबाई म्हणाली, ‘प्रफुल्ल खोटं बोलून राह्यला.’

‘काय जी आई?’

‘पोट्टी तसं बोललीच नाई. मी होती ना तेथं.’

त्या दुपारी घरात साखळी प्रार्थना होती, ताप उतरल्याबद्दल देवाचे आभार मानायला. नऊ जण गोल बसून एकमेकांचे हात धरतात, एकामागून एक प्रार्थना करतात, आणि शेवटच्याचं आमेन होईपर्यंत कुणी हात सोडत नाही. साखळी तुटली की आशीर्वाद निसटतो, असं ती मंडळी मानत. बायबलात कुठं लिहिलंय म्हणून विचारलं असतं तर एकालाही पान काढून दाखवता आलं नसतं, पण मानत.

‘चौथ्या माणसाची प्रार्थना चालू होती,’ विमलाबाई म्हणाली, ‘तवा ते खाटेवरून बोलली. पप्पा, पुरे कर ना. आईले बोलाव ना. पोट दुखते म्हणे, हातपाय थंडे पडले म्हणे माहे. मी म्हटलं, प्रफुल्ल, फोन लाव. त्यानं डोये मिटूनच मान हालवली. आई, साखळी तुटते म्हणे. पाचच जनं राह्यले.’

‘किती वेळ?’ लीनानं विचारलं. केसपेपर भरताना विचारावं, तशा आवाजात विचारलं.

‘अर्धा घंटा. जास्तच. वासुदेवराव किती लंबी प्रार्थना करते, तुले माईत हाये. तीन डाव बोलावलं तिनं तुले. मंग नाई बोलावलं.’

‘आन् तुम्ही?’

‘माहा हातबी साखळीतच होता ना वं,’ विमलाबाई म्हणाली, आणि चटणीनं माखलेले दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागली.

लीनाला आधी राग आलाच नाही. आधी तिनं मिनिटं लावली. अर्ध्या तासात ऑटो वर्ध्याला पोचते. अर्ध्या तासात सलाईन लागते, बीपी सावरतो. तिनं स्वतःच्या हातांनी दुसऱ्यांची तशी लेकरं सावरलेली होती. एस्तेर कदाचित वाचली असती. कदाचित नसती वाचली. हे कदाचित आता तिला जन्मभर पुरणार होतं.

आणि लेक भ्याली होती. घरभर माणसं बसलेली असताना ती भ्याली होती आणि आईला हाका मारत होती.

चारच्या सुमाराला प्रफुल्ल आला. एक बूट काढून झाला होता, तेवढ्यात लीनानं विचारलं, ‘तिनं मले बोलावलं होतं?’

त्यानं आईकडं पाहिलं. विमलाबाई उठून आत गेली.

‘हो,’ तो म्हणाला. माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर अजून एखादं वाक्य रचलं असतं. एका पायात बूट तसाच ठेवून तो पायरीवर बसला. ‘मले वाटलं, देव पाहून राह्यला. हात सोडला तर म्हणन, याचा विश्वास एवढाच. मंग ते झालं. मंग त्या अमरावतीच्या चर्चमधी बोलता बोलता ते वाक्य तोंडात आलं. मीच दचकलो. पन त्या दिवशी लय दिवसांनी मले झोप लागली, लीना. आता तर मले तसंच ऐकू येते.’

‘तुमाले झोप लागली,’ लीना म्हणाली. ‘आन् मी ते तिचं बोलणं म्हणून उराशी धरून बसली. माह्यासाठी होता तो शब्द. तिचा शेवटचा शब्द माह्यासाठी होता, आन् तुम्ही तो मले न देता गावोगाव भलताच वाटत फिरले.’

तो खाली मान घालून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

‘रविवारी आपल्या चर्चमधी खरं सांगा,’ ती म्हणाली. ‘मंग मी मलावीले काय, म्हणाल तेथं येतो तुमच्यासंगं. नाई सांगितलं तर तुम्ही एकटे जा.’

‘साखळीतले सारे समोर बसले राह्यतीन. वासुदेवराव राह्यतीन. आन् मिशनवाल्यांनी ऐकलं तर पाठवतीन काय मले?’

‘नाई पाठवलं तर नाई.’

तो आठवडा घरात तिघं जण तीन घरांत राहावं तसे राहिले. बॅगा मात्र भरत गेल्या. लीना कपड्यांच्या घड्या घालायची आणि जायचं की नाही हे ठाऊक नसताना त्या बॅगेत ठेवायची. प्रफुल्ल कागद घेऊन बसायचा, दोन ओळी लिहायचा, फाडायचा.

रविवारी चर्च भरून गेलं. निरोपाची उपासना म्हणून झेंडूच्या माळा लावल्या होत्या, अंगणात मांडव होता, मांडवात जेवणाची मोठी पातेली चढली होती. मिशनचे सचिव खास नागपूरहून आले होते. वासुदेवराव, मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, पहिल्या रांगेत. विमलाबाई मुद्दाम शेवटच्या बाकावर बसली होती. प्रफुल्ल आणि लीनाच्या गळ्यात हार घालून त्यांना पुढं दोन खुर्च्यांवर बसवलं, नवरदेव-नवरीसारखं.

प्रफुल्ल उठला. सुरुवात नेहमीचीच झाली, पुस्तकी मराठीत, नेमक्या जागी थांबत. लीनाला प्रत्येक शब्द पाठ होता. ती हात मांडीवर ठेवून वाट पाहत होती. आता ‘घरात’ येईल. आता ‘प्रार्थना’.

‘घरात प्रार्थना चालू होती,’ प्रफुल्ल म्हणाला, ‘आणि माझी लेक...’

तो थांबला. वासुदेवरावांनी कौतुकानं मान डोलावली आणि खिशातून रुमाल काढला. कहाणी त्यांच्याही कानावर आलेली होती, आणि त्या दुपारी स्वतः तिथं असूनही आता त्यांना ती खरीच वाटत होती. प्रफुल्लनं लीनाकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही, की नजर काढली नाही. तो पडला तर पडू दे, असं तिला वाटत होतं, आणि पडू नये असंही वाटत होतं. नवराच होता तो तिचा.

‘माही लेक,’ तो म्हणाला, आणि पुस्तकी मराठी त्याला सोडून गेली. ‘माही लेक म्हणे, पप्पा, पुरे कर ना. हातपाय थंडे पडले म्हणे माहे. मी डोये उघडले नाई. साखळी तुटू नये म्हणून मी हात सोडला नाई. माय म्हणे फोन लाव, मी लावला नाई. अर्धा घंटा. मी आजलोक तुमाले, साऱ्यायले, खोटं सांगितलं.’

कुणी आमेन म्हटलं नाही. वासुदेवरावांचा रुमाल हातातच राहिला. त्या दिवशी त्यांचा हात प्रफुल्लच्या हातात होता, आणि आता ते त्या हाताकडं पाहत होते. सचिवांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. बाहेर मांडवात कुणी तरी पातेल्यावर झाकण टाकल्याचा आवाज आला.

प्रफुल्लला आता थांबता येत नव्हतं. ‘तीन डाव म्हणे,’ तो म्हणाला. ‘आईले बोलाव ना. पप्पा, आईले बोलाव ना. आईले...’

त्यानं मुद्दाम नक्कल केली नव्हती. पण दोन वर्षं दाबून ठेवलेलं ते बोलणं जसं ऐकलं होतं तसंच बाहेर आलं, त्याच बारीक, ओढलेल्या, रडव्या सुरात. लीनानं आपल्या लेकीची ती हाक पहिल्यांदा ऐकली.

‘आली वं माय,’ ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. ‘आली, आली.’

गळ्यात हार होता तशीच ती खुर्चीवरून उठली आणि बाकांच्या मधल्या वाटेनं भराभर चालत निघाली. दोन्हीकडची माणसं पाय आखडून तिला वाट देत होती. शेवटच्या बाकावरून विमलाबाई उभी राहिली. लीना तिच्याजवळून पुढं गेली आणि चर्चच्या दारात पोचली. बाहेर मांडव होता, ऊन होतं, वाढपी ताटं मांडत होते. तिथं उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला जायला कुठंच नाही.